प्रवाहावर जगणारी समुद्रकाकडी

काकडी हा शब्द कानी पडला की गोमंतकीय माणसाच्या डोळ्यांपुढे पावसाळ्यात मांडवावर लोंबणारे तवसे उभे राहते. समुद्रात मात्र याच नावाचा एक प्राणी आहे. तो वनस्पती नव्हे, मासा नव्हे आणि किडाही नव्हे. लांबट, मऊ आणि दोन्ही टोकांना निमुळत्या होत गेलेल्या शरीरामुळे लोक त्याला समुद्रकाकडी म्हणू लागले. त्याचे खरे आप्त म्हणजे पाच भुजांचा तारामासा आणि अंगभर काटे मिरविणारा सागरी अर्चिन. या साऱ्या कुळाला प्राणिशास्त्रात कंटकचर्मी असे नाव आहे. जगातील समुद्रांत समुद्रकाकडीच्या सुमारे १,७०० जाती आढळल्या आहेत. त्यांतील पुष्कळ जाती काळसर किंवा मातकट रंगाच्या असून तळाची वाळू गिळून तिच्यातील सेंद्रिय कण पचविणे एवढाच त्यांचा दिनक्रम असतो. परंतु त्यांच्यात एक गण असा आहे, की तो वाळूला तोंडही लावीत नाही. खडकाला चिकटून बसावे, झाडाच्या फांद्यांसारखे हात पाण्यात पसरावेत आणि प्रवाह जे आणील ते टिपून खावे, ही त्याची रीत. शास्त्रज्ञांनी त्याला ‘डेंड्रोकायरोटिडा’ म्हणजे ‘झाडासारख्या हातांचा’ असे ग्रीक नाव दिले आहे. लाल, पिवळ्या, जांभळ्या रंगांच्या समुद्रकाकड्या ज्या दिसतात, त्यांतील कित्येक या गणातील होत.

जागचा न हलणारा प्राणी पोट कसे भरतो, ही गोष्ट मुळातच कुतूहलाची आहे. पण तिच्यामागे आणखी एक गोष्ट दडलेली आहे, आणि ती पेडणे-डिचोलीच्या माणसाला अधिक जवळची वाटेल. जो अन्नाच्या शोधात जाऊ शकत नाही, त्याला पाणी जे आणून देईल ते स्वीकारावे लागते. आणि पाणी काय आणील, हे पुष्कळदा दूरच्या डोंगरांवर आणि माणसाच्या हातांवर ठरते.

प्रथम त्याच्या शरीराची रचना पाहू. तारामाशाला उभे करून त्याच्या पाचही भुजा एकत्र मिटल्या, मग तो आडवा पाडला आणि काठ्यांऐवजी त्याला नरम, लवचिक कातडीचा पोशाख घातला, तर ढोबळ मानाने समुद्रकाकडी तयार होते. तिच्या अंगाभोवती लांबीच्या दिशेने पाच पट्टे असतात आणि त्यांवर बारीक बारीक नलिकापाद असतात. नलिकापाद म्हणजे पाण्याने भरलेल्या पोकळ, ताणता येणाऱ्या नळ्या. पुष्कळांच्या टोकाला चोषक असतो. त्यांचे कार्य दुहेरी: खडकाला घट्ट पकडून ठेवणे आणि गरज पडली तर अंग पुढे सरकविणे. खडकावर पालथी बसणाऱ्या जातींत पोटाकडच्या तीन पट्ट्यांचे पाद पकडीसाठी असतात आणि पाठीकडच्या दोन पट्ट्यांवरील पाद लहान राहतात.

तारामाशाच्या किंवा अर्चिनच्या शरीरात कठीण सांगाडा असतो. समुद्रकाकडीत तो विरघळून गेल्यासारखा झाला आहे. तिच्या कातडीत चुनखडीच्या अतिसूक्ष्म कंटिका मात्र विखुरलेल्या असतात. सूक्ष्मदर्शकाखाली त्या जाळीदार चकत्यांसारख्या, गुंड्यांसारख्या किंवा नांगरांसारख्या दिसतात. बाहेरून सारख्या दिसणाऱ्या दोन जाती वेगळ्या आहेत की एकच आहेत, याचा निर्णय या कंटिकांच्या आकारावरून लावला जातो. त्या ओळखपत्रासारख्याच होत. घशाभोवती चुनखडीच्या तुकड्यांचे एक कडे असते. त्याला जोडलेले स्नायू आकसले की फुलासारखा उमललेला सारा हातांचा गुच्छ एका क्षणात आत ओढला जातो.

कातडीचा आणखी एक गुण नवलाचा आहे. तिच्यातील जोडणारे ऊतक मज्जातंतूंच्या आज्ञेने ताठ होऊ शकते किंवा पातळ खळीसारखे सैल पडू शकते. माणसाचे स्नायू ताठ राहण्यासाठी सतत शक्ती खर्च करतात. समुद्रकाकडीला मात्र एकदा ताठ झाल्यावर तसे राहण्यासाठी फारसा खर्च येत नाही. त्यामुळे खडकाच्या अरुंद फटीत शिरताना ती सैल होते आणि आत शिरल्यावर घट्ट होऊन बसते. मग तिला तेथून उपसून काढणे फार कठीण जाते.

आता तिच्या भोजनाकडे वळू. तोंडाभोवती वर्तुळात वाढलेले हात म्हणजे संस्पर्शक. या गणात ते १० ते ३० असू शकतात. पुष्कळ जातींत ते दहा असतात आणि त्यांपैकी आठ मोठे व पोटाकडचे दोन लहान असतात. प्रत्येक संस्पर्शक फांद्या, उपफांद्या आणि त्यांच्या बारीक टोकांनी झाडासारखा पसरलेला असतो. त्याच्या पृष्ठभागावर चिकट श्लेष्माचा थर असतो. पाण्यात तरंगणारे प्लवक, म्हणजे सूक्ष्म वनस्पती व प्राणी, तसेच कुजलेल्या वस्तूंचे कण या फांद्यांवर येऊन अडकतात. जाळे टाकून बसलेल्या कोळ्यासारखी ही समुद्रकाकडी. फरक एवढाच, की तिच्या जाळ्याला दोरी नाही आणि ओढणाराही वेगळा नाही. जाळे तेच, हात तोच.

जाळे भरले म्हणजे ते रिकामे करावे लागते. त्यासाठी ती एक एक हात पाळीपाळीने वाकवते आणि त्याची फांद्यांसकट सारी लांबी तोंडातून घशात सारते. घशाचे ओठ त्याच्याभोवती मिटतात आणि मग हात हळूहळू बाहेर ओढला जातो. ओढताना कण आत पुसले जातात, शिवाय घशातील ग्रंथींचा ताजा श्लेष्म हाताला लागतो. हात पुसून आणि नव्या गोंदाने मढवून पुन्हा प्रवाहात पसरला जातो. मूल बोटे चाटून पुन्हा ताटात घालते तसे हे काम चालते. तोंडाजवळचे दोन लहान हात मोठ्या हातावर चिकटलेले कण आत ढकलण्यास साहाय्य करतात. या रीतीने एका वेळी एकच हात तोंडात असतो आणि बाकीचे पाण्यात काम करीत असतात. गुच्छ कधीच पूर्णपणे बंद पडत नाही.

या पद्धतीत एक जुगार आहे. पाणी स्थिर असेल तर अन्नच येत नाही आणि लाट फार जोराची असेल तर हात ताठ उभे राहत नाहीत. म्हणून ही समुद्रकाकडी खडकांच्या कडा, फटी आणि प्रवाह मध्यम वाहतो अशाच जागा निवडते. पुष्कळदा देह फटीत लपलेला असतो आणि बाहेर दिसतो तो फक्त हातांचा गुच्छ. ऋतूंप्रमाणे तिचा आहारही बदलतो. उत्तर अटलांटिकातील ‘कुकुमारिया फ्रोंडोसा’ ही जात न्यू फाउंडलँड व आइसलँडच्या किनाऱ्यांवर विपुल आहे. वसंतात पाण्यात प्लवकांची बहार येते तेव्हा ती भरपूर खाते आणि शरद-हेमंतात हात आत ओढून बहुतांशी उपाशी बसते. समुद्राचे पंचांग तिच्या आतड्यांत लिहिलेले आहे, असे म्हणता येईल.

एवढ्या ठळक रंगांचा प्राणी शत्रूंच्या नजरेतून सुटतो कसा? उत्तर असे, की त्याला सुटायचेच नसते. या गणातील ‘सागरी सफरचंद’ या नावाने प्रसिद्ध असलेली जात याचे उत्तम उदाहरण आहे. तिचे अंग जांभळट असते, नलिकापाद लाल वा पिवळे असतात आणि संस्पर्शकांच्या टोकांना पांढरी किनार असते. दिसायला ती खरोखरच फळासारखी गोलट. पण समुद्रकाकडीच्या कातडीत साबणासारखे फेस आणणारे विष असते. त्याला होलोथुरिन म्हणतात. माशांच्या कल्ल्यांवर ते घातक ठरते. सागरी सफरचंद शोभेच्या मत्स्यालयात ठेवतात तेव्हा ते घाबरून किंवा मरताना विष सोडते आणि त्या बंद पाण्यातले मासे काही काळातच दगावतात. उघड्या समुद्रात हे विष पाण्यात विरून जाते, परंतु एकदा चाखलेला मासा दुसऱ्यांदा त्या रंगाला तोंड लावीत नाही. म्हणून रंग ही दवंडी आहे, आमंत्रण नव्हे.

संकट फार गंभीर झाल्यास आणखी एक उपाय तिच्यापाशी असतो. या गणातील कित्येक जाती आपले अंतरंगच बाहेर फेकतात. घसा, आतड्यांचा भाग आणि संस्पर्शकांचा गुच्छही पुढच्या टोकातून तुटून बाहेर पडतो. कोणाला ही मृत्यूची खूण वाटावी. परंतु उरलेल्या पोकळ देहात काही आठवड्यांत नवे आतडे व नवे संस्पर्शक वाढू लागतात. तुटलेला अवयव पुन्हा निर्माण करण्याची ही शक्ती जीवशास्त्राचे महत्त्वाचे संशोधनक्षेत्र ठरली आहे. तथापि ती फुकट मिळत नाही. नवे जाळे वाढेपर्यंत प्राणी उपाशी असतो आणि नव्या अवयवासाठी लागणारे द्रव्य त्याला आपल्याच देहातून काढावे लागते. म्हणून जो प्राणी वारंवार त्रासला जातो, त्याची ही शक्ती त्याला फार काळ तारू शकत नाही.

श्वासोच्छ्वासाचीही तऱ्हा अशीच विलक्षण. पुष्कळ समुद्रकाकड्यांच्या शरीरात झाडासारख्या दोन नळ्या असतात. त्यांत मागच्या छिद्रातून पाणी आत घेतले व बाहेर टाकले जाते, म्हणजे तोंड खाण्यासाठी आणि मागचा मार्ग श्वासासाठी, अशी कामांची वाटणी झालेली असते. चालण्याचा वेग मात्र फारच थोडा. तरीसुद्धा ही काकडी अगदीच जागेला बांधलेली नाही. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात, कुकुमारिया फ्रोंडोसा ही जात पाणी शरीरात घेऊन फुगते, हलकी होते आणि तळ सोडून प्रवाहाबरोबर नव्या जागी वाहत जाऊ शकते, असे दाखविण्यात आले. खारेपणात झालेला बदल किंवा गढूळपणा यांसारख्या त्रासांपुढे हा मार्ग उपयोगी पडतो. पण वाहत जाणाऱ्याच्या हाती दिशा नसते. जेथे प्रवाह नेईल तेथे उतरावे, हाच त्याचा पत्ता.

प्रजननाची रीत साधारणपणे अशी, की नर व मादी पाण्यात शुक्राणू व अंडी सोडतात आणि फलन बाहेरच होते. या गणातील अनेक जातींची अंडी मोठी व पिवळसर-नारिंगी बलकाने भरलेली असतात. त्यामुळे पिलांना समुद्रात अन्न शोधावे लागत नाही आणि ती लवकरच तळाशी टेकतात. काही जाती तर पिले आपल्याच अंगावर वा अंगातील पिशव्यांत वाढवतात. या व्यवस्थेमुळे संकटाच्या काळात पुढची पिढी दूरवर पसरत नाही. स्थानिक पाणी बिघडले तर सबंध वसाहतीवरच त्याचा घाव बसतो.

येथपर्यंत समुद्राची गोष्ट झाली. आता पेडण्याच्या किनाऱ्यावर यावे. केरी व हरमलच्या दरम्यान जांभ्या खडकाचे सुळके समुद्रात उतरतात. उत्तरेला तेरेखोलचे मुख, दक्षिणेला मोरजीपाशी शापोराचे मुख. या दोन मुखांच्या मधोमध खारे पाणी, लाट आणि खडक एकत्र येतात. समुद्रकाकडीच्या गरजा लक्षात घेतल्या तर तिला असाच परिसर लागतो आणि नदीच्या तोंडापासून तिला काही अंतर ठेवावे लागते. याचे कारण शरीरातच आहे. कंटकचर्मी प्राण्यांना आपल्या अंगातील क्षारांचे प्रमाण बाहेरच्या पाण्यापासून वेगळे राखता येत नाही. समुद्राच्या पाण्यात दर हजार भागांत सुमारे ३५ भाग क्षार असतात. नदीमुखात पावसाळ्यात पाणी गोडे झाले तर त्यांचा देह फुगून निकामी होतो. जून ते सप्टेंबर या काळात आपल्या नद्या दुथडी भरून वाहतात, तेव्हा समुद्रकाकडी नदीमुखाच्या जवळपास टिकत नाही. म्हणूनच डिचोलीत समुद्रकाकडी नाही, आणि शिवोली-कोलवाळच्या खाडीतही नाही.

पण नदीच्या आत तिचे काम करणारे दुसरे जीव आहेत. गोमंतकीयांना त्यांची ओळख करून देण्याची गरज नाही. तिसऱ्या, खुबे, शिनाणे, कालवे ही सारी मंडळी गाळूनच जगतात. साधन मात्र वेगळे. समुद्रकाकडी हात पसरून पाण्याची वाट पाहते. शिंपल्यातील जीव कल्ल्यांवरील सूक्ष्म केसांनी पाणी स्वतःकडे ओढून घेतो आणि त्यातील कण वेचतो. एक थाळी धरून बसणारा, दुसरा पंप चालविणारा. पण परिणाम एकच: पाण्यातील अन्नकण वेचले जातात आणि पाणी स्वच्छ होते. खाडीतील शिंपले आणि समुद्रातील काकड्या यांना एकाच व्यवसायातील दोन शेजारी म्हणावे.

या व्यवसायाला नदी कशी जोडलेली आहे हे शापोराच्या प्रवाहावरून स्पष्ट होते. दोडामार्गाच्या डोंगरांतून येणारी तिळारी नदी गोव्यात शिरते, डिचोली तालुक्यातील साळसारख्या गावांना स्पर्श करते, पुढे पेडण्याच्या इब्रामपूर-चांदेलच्या बाजूने वाहत जाते आणि शापोरा या नावाने मोरजीच्या समुद्राला मिळते. म्हणजे डिचोलीची आणि पेडण्याची माती, पाणी व झाडांचा पालापाचोळा एकाच पाण्यात मिसळून समुद्रात उतरतो. पालापाचोळ्यातून निघणारे क्षार हे प्लवकांचे खत आहे. थोड्या प्रमाणात ते हितकारकच ठरते. संकट सुरू होते ते पाण्यात अन्नाऐवजी कोरडी माती अधिक येऊ लागल्यावर.

गाळून खाणाऱ्या जीवाला मातीचा कण व प्लवकाचा कण यांतील फरक ओळखण्याची मोठीशी शक्ती नसते. माती हातावर चिकटली की ती तोंडापर्यंत न्यावी लागते, गिळावी लागते आणि पुढे बाहेर टाकावी लागते. तिच्यातून शरीराला काहीच मिळत नाही, श्रम मात्र पूर्ण होतात. शिंपल्याच्या कल्ल्यांचे तर छिद्रच बुजते. तांदळात खडे इतके मिसळावेत, की निवडता निवडता संध्याकाळ व्हावी आणि चूल पेटविण्यास तांदूळच उरू नयेत, असा हा प्रकार.

मांडवीच्या खोऱ्यात हा प्रकार प्रत्यक्ष घडला. डिचोली तालुक्यातील शिरगाव, पिळगाव, मये या भागांत दुसऱ्या महायुद्धानंतर लोहखनिजाच्या खाणी वाढल्या. गोव्यात एक टन खनिज काढण्यासाठी साधारणपणे दोन ते तीन टन माती व दगड बाजूला काढावे लागतात. पावसात त्यांतील बारीक भाग ओढ्यांतून नदीत येतो. दोना पावल येथील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था १९६६ साली स्थापन झाली. तेथील परुळेकर, अन्सारी आणि इंगोले या शास्त्रज्ञांनी गोव्याच्या खाड्यांतील खाणींच्या परिणामांचा अभ्यास करून १९८६ साली तो प्रसिद्ध केला. त्यात शिंपल्यांचे उत्पादन ७० टक्क्यांहून अधिक घटले, पाण्यातील विरघळलेला प्राणवायू कमी झाला, तळावर खाणीच्या मातीचा थर पसरला आणि तळावर राहणारे मूळ प्राणी जवळजवळ नाहीसे झाले, असे निष्कर्ष होते. त्यांची जागा थोड्या संख्येच्या, अत्यंत सोशिक आणि भटक्या जीवांनी घेतली. ज्या घरांत तिसऱ्यांचे कालवण जेवणात आठवड्याला दोनदा होत असे, त्यांना या आकड्यांचा अर्थ वेगळा सांगावा लागत नाही.

पुढे २०१२ साली खाणकाम थांबले, काही काळाने काही अटींवर पुन्हा सुरू झाले आणि २०१८ साली सर्वोच्च न्यायालयाच्या निर्णयाने ८८ खाणपट्ट्यांचे नूतनीकरण रद्द होऊन ते पुन्हा थांबले. हा वाद रोजगाराचा, महसुलाचा आणि गावांच्या जगण्याचा आहे. त्याचा निवाडा समुद्रकाकडी करू शकत नाही. तथापि, नदीत काय सोडावे आणि किती सोडावे, या प्रश्नाचे उत्तर देताना तळाशी बसलेल्या गाळणाऱ्यांची साक्ष विचारात घेणे व्यवहाराचेही आहे. खाणीच्या मातीचे ढीग पावसाआधी बांध घालून अडविणे, माती निवळण्यासाठी डबकी राखणे, नदीकाठची झाडे व खारफुटी टिकविणे हे उपाय खर्चाचे असले तरी खाडी बुजल्यानंतरच्या खर्चापेक्षा स्वस्त पडतात.

माणसाच्या हाताचा आणखी एक परिणाम किनाऱ्यावर दिसून आला आहे. पावसाळ्याच्या अखेरीस खोल पाणी वर येते आणि त्याबरोबर कमी प्राणवायूचा थर गोव्याच्या किनाऱ्यालगतच्या तळावर पसरतो. ही घटना निसर्गाची आहे. परंतु २००० साली राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या शास्त्रज्ञांनी भारताच्या पश्चिम किनाऱ्यालगत ती अधिक तीव्र होत असल्याचे प्रसिद्ध केले. शेतीच्या खतांतून व शहरांच्या सांडपाण्यातून येणाऱ्या पोषक द्रव्यांचा त्यात वाटा असण्याची शक्यता त्यांनी मांडली. तळाला चिकटलेल्या प्राण्याला असा प्राणवायूहीन थर येत असेल तर पळण्यासाठी पाय नाहीत. फुगून वाहत जाणे एवढाच मार्ग, आणि तो सर्वांना साधत नाही.

समुद्रकाकडीच्या रक्षणासाठी कायदा झालेला आहे. चीन व आग्नेय आशियात वाळवलेल्या समुद्रकाकडीला मोठी किंमत मिळते. तिच्या अतिरेकी वेचणीला आळा घालण्यासाठी २००१ साली भारत सरकारने सर्व समुद्रकाकड्यांना वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत घातले. २०२० साली लक्षद्वीपजवळ चेरियापानी येथे समुद्रकाकडीसाठी खास संवर्धन-राखीव क्षेत्र घोषित झाले. बाजारात बहुधा वाळू गिळणाऱ्या जातींना मागणी असते आणि गाळून खाणाऱ्या रंगीत जातींना पूर्वी मत्स्यालयाच्या हौशी लोकांकडून मागणी असे. दोन्ही मागण्यांना कायदा आवर घालू शकतो. परंतु जाळे थांबविणारा कायदा गाळ थांबवीत नाही. गाळ नदीच्या वरच्या टोकालाच थांबवावा लागतो.

समुद्रकाकडीच्या जीवनातून मिळणारा बोध हा आहे. रंगीत फुलासारखे दिसणारे तिचे हात पाण्यात जे आहे त्याचे खरे माप घेत असतात. पाण्यात अन्न असेल तर ते वेचतात, माती असेल तर माती गिळतात, विष असेल तर तेही गिळतात. साळच्या ओढ्यातून सुटलेला मातीचा कण इब्रामपूरच्या बाजूने वाहत मोरजीच्या मुखापर्यंत जातो. तेथे तो वाळूत मिसळतो, किंवा एखाद्या शिंपल्याच्या कल्ल्यात अडकतो, किंवा पुढे समुद्रात पसरलेल्या एखाद्या हातावर जाऊन बसतो. डिचोली व पेडणे हे दोन तालुके भूगोलाने वेगळे आहेत, तरी पाण्याच्या हिशेबात ते एकाच खात्यात लिहिलेले आहेत. त्या खात्यात जमा काय आणि खर्च काय, याची नोंद खडकाला चिकटलेला एक मुका जीव दररोज, दोन्ही भरती-ओहोटींत, करीत असतो.